पाण्याखालची जमीन

कांचेच्या पेटींत फिरणारे मासे आणि त्यांच्याभोंवतीं डुलणाऱ्या हिरव्या वनस्पति हें दृश्य आतां शहरांतील घराघरांत परिचयाचें झालें आहे. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि त्यानंतर महाराष्ट्रांतील कित्येक मुलांनीं हें दृश्य प्रथम तेथेंच डोळे भरून पाहिलें. पाहणाराचें लक्ष आधीं माशांकडे जातें, मग पानांकडे. पेटीच्या तळाशीं असलेल्या चार बोटें जाडीच्या जमिनीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः पेटींतील वनस्पतींचा, आणि म्हणून माशांचाही, जमाखर्च याच जमिनींत मांडलेला असतो. तींत काय घालावें, आणि त्याहीपेक्षां महत्त्वाचें म्हणजे कशाच्या वर काय घालावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. तो सोडविण्यास शास्त्रज्ञांना व हौशी लोकांना मिळून सुमारें दीडशें वर्षें लागलीं. आणि जें उत्तर निघालें तें भाताच्या खाचरालाही लागू पडलें व गांवच्या तळ्यालाही.

या इतिहासाचा आरंभ पाण्यांतल्या वनस्पतीपासून नव्हे, तर कुंडींतल्या झाडापासून होतो. ब्रुसेल्सचा वैद्य व रसायनवेत्ता यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट यानें भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती एका कुंडींत भरली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लावलें, आणि पांच वर्षें त्याला पाण्यावांचून दुसरें कांहीं दिलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड १६९ पौंडांवर भरलें. माती पुन्हां वाळवून तोलली, तेव्हां ती अवघी दोन औंस कमी आढळली. झाडाचें सारें शरीर पाण्यापासूनच बनतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष चुकला होता. कारण झाडाच्या शरीराचा फार मोठा भाग हवेंतील कर्बाम्लवायूपासून बनतो, ही गोष्ट त्या काळीं कोणाला ठाऊक नव्हती. परंतु व्हान हेल्मॉन्टनें ज्यांची पर्वा केली नाहीं, त्या दोन औंसांतच पुढच्या सर्व कथेचें बीज होतें.

१६९९ सालीं लंडनच्या जॉन वुडवर्डनें पुदिन्याचीं रोपें कांचेच्या भांड्यांतून निरनिराळ्या पाण्यांत वाढविलीं. एकांत पावसाचें पाणी होतें, एकांत थेम्स नदीचें, एकांत हाइड पार्कच्या नळाचें, आणि एकांत त्याच नळाच्या पाण्यांत बागेंतील माती कालविलेली होती. माती कालविलेल्या पाण्यांतील रोप स्वच्छ पाण्यांतील रोपांपेक्षां कितीतरी अधिक जोमानें वाढलें. केवळ पाणी हें अन्न नव्हे. पाण्यांतून मातीचें जें कांहीं सूक्ष्म द्रव्य मुळाशीं जातें तें अन्न होय, असें वुडवर्डनें म्हटलें. पुढें १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टलेला असें आढळलें कीं, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपानें पुन्हां सुधारते. १७७९ सालीं यान इंगेनहाउसनें त्यासाठीं सूर्यप्रकाश लागतो हें सिद्ध केलें. १८०४ सालीं जिनीव्हाच्या निकोला द सोस्यूरनें वनस्पतीचा कर्ब हवेंतून येतो व क्षार मुळांवाटे येतात, हें मोजमाप करून दाखविलें. कार्ल स्प्रेंगलनें आधीं मांडलेला विचार १८४० सालापासून यूस्टुस लीबिगनें मोठ्या आवेशानें सर्वतोमुखीं केला. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह हीं द्रव्यें थोडींच लागतात, परंतु लागतातच. आणि त्यांपैकीं जें सर्वांत अपुरें पडतें त्याच्याच मापानें झाड वाढतें, असा तो विचार होता. व्हान हेल्मॉन्टच्या दोन औंसांचा अर्थ अशा रीतीनें जवळजवळ दोनशें वर्षांनीं उलगडला.

याच सुमारास लंडनमध्यें कांचेच्या पेटीचा जन्म झाला. शहराच्या पूर्व भागांतील धुरकट वस्तींत राहणारा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यानें १८२९ सालीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत ठेवून तो बंद बाटलींत ठेवला होता. कोशाचें पुढें काय होतें हें पाहण्याची त्याची इच्छा. परंतु त्या मातींतून एक नेचा आणि एक गवताचें पातें उगवलें, आणि बाहेरच्या धुरांत जीं झाडें जगत नसत तीं या बाटलींत जगलीं. त्यांतून निघालेल्या वॉर्डच्या पेट्यांनीं जगभर रोपांची नेआण केली. १८४८ नंतरच्या कांहीं वर्षांत रॉबर्ट फॉर्च्यूननें चीनमधील चहा हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणला तो अशाच पेट्यांतून. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला व कांच स्वस्त झाली. आतां बंद पेटींत मातीऐवजीं पाणी भरून पाहणें एवढेंच शिल्लक होतें.

तें काम रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनवेत्त्यानें केलें. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेंत काम करणाऱ्या या गृहस्थानें बारा गॅलन मापाच्या कांचेच्या भांड्यांत झऱ्याचें पाणी घेतलें, तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नांवाच्या फितीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचें एक रोप त्या चिखलांत रोंवलें, आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. मासे जो वायु सोडतात तो वनस्पति घेईल, वनस्पति जो प्राणवायु सोडील तो मासे घेतील, अशी त्याची कल्पना. कांहीं दिवस सारें ठीक चाललें. पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें व शेवाळें माजलें. तेव्हां वॉरिंग्टननें तळ्यांतील पांचसहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजलेलें सर्व खाऊन टाकलें आणि पाणी पुन्हां निवळलें. १८५० सालीं त्यानें हा वृत्तांत प्रसिद्ध केला. या पहिल्या नांवाजलेल्या पेटींत चिखल आणि वाळू हीं दोन्हीं होतीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढच्या पिढ्यांनीं वॉरिंग्टनचे मासे उचलले, गोगलगाई उचलल्या, आणि चिखल मात्र सोडून दिला.

योगायोग असा कीं, त्याच १८५० सालीं इंग्लंडांतच आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. यॉर्कशायरमधील जमीनदार हॅरी स्टीफन थॉम्प्सन यानें मातीच्या स्तंभांतून अमोनियाचा क्षार विरघळलेलें पाणी झिरपूं दिलें. खालीं जें पाणी उतरलें त्यांत अमोनिया जवळजवळ राहिला नव्हता, त्याच्या जागीं चुना आला होता. शेतकी सभेचा रसायनवेत्ता टॉमस वे यानें हा प्रयोग पुढें नेला आणि दाखविलें कीं, ही धारणशक्ति चिकणमातींत असते, निव्वळ वाळूंत नसते. चिकणमाती ही नुसती मुळांना आधार देणारी वस्तु नव्हे. सावकारानें ठेव ठेवावी तशी ती खत धरून ठेवते आणि मूळ मागेल तसें तें सोडते, हा त्याचा इत्यर्थ. वॉरिंग्टनच्या भांड्यांतील चिखल काय काम करीत होता याचें उत्तर थॉम्प्सन आणि वे यांच्या मातींत होतें. पण एक शोध दिवाणखान्याच्या वाटेनें गेला आणि दुसरा शेताच्या वाटेनें. त्यांची गांठ पडण्यास फार काळ लोटावा लागला.

दिवाणखान्यांतील वाट मोठी थाटाची होती. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें समुद्रजीवनाच्या पेटीवरील पुस्तक निघालें, आणि घरोघर कांचेच्या पेट्या आल्या. जर्मनींत एमिल रॉसमेसलर यानें १८५६ सालीं एका लोकप्रिय मासिकांत कांचेंतील सरोवर या कल्पनेवर लेख लिहिला आणि दुसऱ्याच वर्षीं गोड्या पाण्याच्या पेटीवर पुस्तक काढलें. परंतु घरांत ठेवावयाची वस्तु स्वच्छ दिसली पाहिजे, हा आग्रह लवकरच प्रबळ झाला. चिखल म्हणजे घाण, चिखल म्हणजे दुर्गंधि, अशी समजूत होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. ज्यांनीं बागेची माती व शेणखत भरमसाट घालून वर पाणी ओतलें, त्यांची पेटी चार दिवसांत हिरवीगार झाली, माती काळी पडली, कुजक्या अंड्यांचा वास सुटला आणि मासे पाण्याच्या पृष्ठावर येऊन तडफडून मेले. म्हणून वाळू दहादां धुवून घालावी हा नियम झाला. त्याला शास्त्राचाही आधार आहे असें वाटे: बुडालेली वनस्पति सर्वांगानें पाणी पिते, तेव्हां तिचीं मुळें केवळ नांगरासारखीं, वाहून न जाण्यापुरतीं असतात, असें पुष्कळ विद्वानांचेंही मत होतें. धुतलेल्या वाळूंतील रोपें कांहीं महिने जगत, पिवळीं पडत आणि विरून जात. दोष प्रकाशाला दिला जाई, पाण्याला दिला जाई, माशांना दिला जाई; जमिनीचा संशय कोणाला येत नसे.

इकडे शेताच्या वाटेनें मातीचें रहस्य हळूहळू उलगडत होतें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युंट्झ यांनीं असें दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्रेटमध्यें जें रूपांतर होतें तें सजीव सूक्ष्म जंतूंकडून होतें. या शोधाचा इंग्लंडांत रॉथॅम्स्टेडच्या शेतकी संशोधनशाळेंत ज्यानें चिकाटीनें पाठपुरावा केला, त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टन. सोनेरी मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनचाच तो मुलगा. हें रूपांतर दोन पायऱ्यांनीं होतें हें त्यानें ओळखलें, आणि तें करणारे जंतु १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यानें वेगळे काढले. आज पेटींतील पाणी ज्यांच्यामुळें माशांना विषारी होत नाहीं ते हेच जंतु. पित्याच्या भांड्यांत जें नकळत चाललें होतें त्याचा उलगडा पुत्रानें शेतांत केला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

विनोग्राड्स्कीची दुसरी कामगिरी आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. उंच कांचपात्रांत तळ्याचा चिखल भरून तें प्रकाशांत ठेवलें असतां त्यांत आपोआप थर पडतात, हें त्याच्या पद्धतीनें दिसून आलें. वर प्राणवायु घेणारे जीव राहतात. खालीं, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें गंधकाच्या क्षारांतून श्वास घेणारे जंतु राहतात आणि चिखल काळा करतात. जमीन पाण्याखालीं गेली कीं ती एकजिनसी राहत नाहीं. तिचे दोन मुलूख होतात, आणि प्रत्येक मुलुखाचा कायदा निराळा असतो.

मुळांविषयींच्या जुन्या समजुतीला धक्का दिला तो अमेरिकेंतील रेमंड पाँड यानें. ईरी सरोवराच्या कांठीं त्यानें व्हॅलिस्नेरिया व इतर पाणवनस्पति तीन प्रकारें वाढवून पाहिल्या: कांहीं तळ्याच्या मातींत लावल्या, कांहीं धुतलेल्या वाळूंत, आणि कांहीं मूळ न रुजूं देतां पाण्यांत अधांतरीं ठेवल्या. पाणी सर्वांना सारखेंच होतें. मातींत मुळें धरलेल्या वनस्पति इतरांपेक्षां स्पष्टपणें अधिक वाढल्या. १९०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निबंधानें बुडालेल्या वनस्पतीलाही जमीन लागते हें ठरलें. पानें पाण्यांतून कांहीं अन्न घेतात हें खरें; पण निवळ पाण्यांत स्फुरद आणि लोह इतकें अल्प असतें कीं त्यावर पोट भरत नाहीं. तीं द्रव्यें चिखलांत असतात.

मग तीं चिखलांतच कां राहतात, वर पाण्यांत कां येत नाहींत? याचें उत्तर दोन ठिकाणांहून आलें. एक ठिकाण भारतांतलें होतें. कोइमतूर येथें हॅरिसन आणि सुब्रह्मण्य अय्यर यांनीं १९१३ सालापासून भातखाचरांतील वायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाचराच्या चिखलांत कुजण्यामुळें प्राणवायु उरत नाहीं, पण चिखलाच्या पृष्ठावर जी शेवाळाची साय धरते ती प्राणवायु निर्माण करते, आणि भाताला तिचा उपयोग होतो, असें त्यांना आढळलें. दुसरें ठिकाण इंग्लंडांतील विंडरमियर सरोवर. तेथें क्लिफर्ड मॉर्टिमर यानें सरोवराचा चिखल कांचेच्या पेट्यांत भरून वर पाणी घातलें. कांहीं पेट्यांना हवा मिळूं दिली, कांहींची बंद केली. जेथें हवा होती तेथें चिखलाच्या पृष्ठावर कांहीं मिलिमीटर जाडीचा एक तपकिरी थर राहिला. त्यांतील गंजलेल्या लोहानें स्फुरद घट्ट धरून ठेवला आणि खालचें द्रव्य वर येऊं दिलें नाहीं. जेथें हवा तोडली तेथें तो तपकिरी थर नाहींसा झाला, लोह विरघळलें, आणि त्याच्याबरोबर स्फुरद व अमोनिया पाण्यांत लोटले. १९४१ व १९४२ सालीं, युद्धाच्या धामधुमींत, हे निबंध प्रसिद्ध झाले. बोटाच्या पेरापेक्षांही पातळ असा तो पापुद्रा म्हणजे अन्नाचें कोठार आणि उघडें पाणी यांमधील दरवाजा होता.

त्याच सुमारास जपानांत मात्सुसाबुरो शिओइरी यानें याच दोन मुलुखांचा हिशेब भातशेतीसाठीं मांडला. अमोनियाचें खत खाचराच्या पृष्ठावर फेंकलें तर वरच्या हवेशीर थरांत त्याचें नायट्रेट होतें. नायट्रेट झिरपून खालच्या हवाहीन थरांत जातें. आणि तेथील जंतु त्याचा नत्रवायु करून हवेंत उडवितात. शेतकऱ्याचा पैसा बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. तेंच खत प्रथमपासून खालच्या थरांत पुरलें तर तें अमोनियाच्याच रूपांत मातीला चिकटून राहतें आणि मुळांना मिळतें. खत किती घातलें याइतकाच तें कोणत्या थरांत घातलें हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

हौशी लोकांपर्यंत हें ज्ञान सावकाश झिरपत आलें. हॉलंडांत १९३० नंतर वनस्पतींच्याच शोभेसाठीं पेट्या मांडण्याची पद्धति वाढली, आणि तेथील लोक धुतलेल्या वाळूखालीं चिकणमाती व पीट घालूं लागले. १९८० च्या दशकांत जर्मनींतील कास्पर हॉर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनीं तळाच्या वाळूंत लॅटराइट मिसळण्याचा पुरस्कार केला. या लॅटराइटचें मूळ घर म्हणजे आपलाच पश्चिम किनारा. फ्रान्सिस ब्युकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत मलबारांतील अंगडिपुरम येथील दगडाला तें नांव दिलें. लोक तो दगड विटांसारखा कापतात हें त्यानें पाहिलें, म्हणून विटेसाठीं असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यानें तें घेतलें. कोंकणांत ज्याचे चिरे घरांच्या भिंतींना वापरतात तोच हा जांभा. त्याचा तांबडा रंग लोहाच्या गंजाचा. हवेंत हें लोह दगडासारखें निश्चल असतें, आणि हवाहीन थरांत तें थोडेंथोडें विरघळून मुळांना मिळतें. जांभा वाळूच्या वर पसरला तर केवळ पाणी गढूळ करील. खालीं मिसळला तर तोच अन्न होतो.

जपानांतील ताकाशी अमानो यानें १९८२ सालीं स्थापन केलेल्या संस्थेमार्फत ही कल्पना कलेच्या पदवीला नेली. खालीं पोषक द्रव्यें मुरविलेल्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा भरड थर, वर भाजलेल्या मातीचे दाणे, अशी त्याची मांडणी होती. खालच्या भरड थरांतून पाणी हळूहळू फिरतें आणि मुळें गुदमरत नाहींत. २०१५ सालीं लिस्बनच्या मत्स्यालयांत त्यानें चाळीस मीटर लांबीची वनस्पतींची पेटी मांडली. त्याच वर्षीं तो निवर्तला. उलट टोकाला अमेरिकेंतील डायना वॉलस्टॅड हिनें १९९९ सालच्या आपल्या पुस्तकांत सांगितलें कीं, यांतील महागडें कांहींच लागत नाहीं. बागेची साधी माती आणि तिच्यावर खडीचें पांघरूण पुरे. एका दृष्टीनें ही दीडशें वर्षांनंतर वॉरिंग्टनच्या चिखलाकडे परतलेली वाट होती. फरक एवढाच कीं, चिखल आणि वाळू यांचा क्रम कां व कसा असावा हें आतां समजलें होतें.

तो क्रम सांगावयाचा तर असा. सर्वांत खालीं चाळलेली, जुनी, कचरा व ताजें शेण नसलेली माती एक ते दीड इंच. तींत चिकणमातीचा अंश असावा, कारण खत धरणारी तीच. खत द्यावयाचें तें याच थरांत, आणि थोडें. तिच्यावर धुतलेल्या जाडसर वाळूचा सुमारें एक इंचाचा थर. वाळू पिठासारखी बारीक असेल तर खालची माती गुदमरते. खडे बोराएवढे असतील तर माती फटींतून वर येते. ज्वारीच्या दाण्याहून थोडी बारीक वाळू हें मध्यम माप होय. रोपें पहिल्याच दिवशीं दाट लावावींत, कारण नव्या मातींतून प्रथम जो अमोनिया सुटतो तो घेणारें कोणी तरी हवें; आणि पहिले कांहीं आठवडे पाणी वरचेवर बदलावें व मासे सोडण्याची घाई करूं नये. युरियाचे दाणे किंवा ओलें शेणखत पाण्यांत टाकणें म्हणजे माशांच्या मरणाची तयारी करणें होय. एकदां रुजलेलें रोप उपटून जागा बदलली तर खालची माती वर येते आणि दोन मुलुखांतील सीमा मोडते. तें टाळावें, किंवा रोप जमिनीलगत कापून मूळ आंतच राहूं द्यावें.

या मांडणींत वनस्पति केवळ घेणारी नसते. पानांत तयार झालेला प्राणवायु ती मुळांपर्यंत नेते आणि तेथून थोडा मातींत झिरपूं देते. म्हणून निरोगी पाणवनस्पतीच्या मुळांवर, आणि भाताच्या मुळांवरही, लोहाचा तांबूस लेप दिसतो. जेथें मुळें दाट असतात तेथें माती काळी पडून दुर्गंधि सुटत नाहीं. जेथें रोपें नसतात तेथें सुटते. ज्या चिखलाला दिवाणखान्यांतील लोक घाबरले, त्याचें विष उतरविणारा वैद्य त्या चिखलांतच वाढत होता.

महाराष्ट्रांतील भातशेतकऱ्याला यांतील अर्धें शास्त्र चारसूत्री लागवडीच्या रूपानें परिचित आहे. डॉ. नारायण सावंत यांनीं रूढ केलेल्या या पद्धतींत चार चुडांच्या मधोमध युरिया व डीएपी यांची एक गोळी चिखलांत सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबतात. वर फेंकलेलें खत पाण्याबरोबर वाहून जातें किंवा हवेंत उडतें. खालीं दाबलेलें मुळाशीं राहतें. पेटींतील रोपाच्या मुळाशीं खताची लहान गोळी खुपसणारा शहरांतील हौशी मनुष्य आणि कोंकणांतील खाचरांत वांकून गोळी दाबणारी बाई हीं दोघें एकच काम करीत असतात.

शेवटचा मुद्दा पेटीहून पुष्कळ मोठा आहे. शहराचें सांडपाणी तळ्यांत सोडलें म्हणजे खत वरच्या पाण्यांत पडतें. मग तें मुळांना न मिळतां शेवाळाला व जलपर्णीला मिळतें. मुंबईचा पवई तलाव आणि कोल्हापूरचा रंकाळा यांनीं हें दुखणें भोगलें आहे. तरंगणाऱ्या हिरव्या थरानें प्रकाश अडतो, तळाच्या वनस्पति मरतात, कुजण्यानें तळाचा प्राणवायु संपतो, आणि मॉर्टिमरनें पाहिलेला तपकिरी पापुद्रा विरून वर्षानुवर्षें सांचलेला स्फुरद चिखलांतून पाण्यांत येऊं लागतो. म्हणून सांडपाणी बंद केल्यावरही असें तळें लगेच सुधारत नाहीं. तें कांहीं वर्षें स्वतःच्याच चिखलांतील खतावर रोगट राहतें. जलपर्णी काढून नेणें हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे. नाले तळ्याबाहेर वळविणें, तळाशीं हवा पोंचविणें, जरूर तेथें गाळ काढणें आणि कांठच्या उथळ पाण्यांत मुळें धरणाऱ्या वनस्पति पुन्हां वाढूं देणें, हीं कामें त्याच्या जोडीला करावीं लागतात, आणि तीं एका पावसाळ्यांत पुरीं होत नाहींत.